आभाळातले फिरते दिवे आणि माझी सहा इंची दुर्बीण

दुर्बीण घेतली ती शनीची कडी आणि चंद्रावरची विवरं बघायला. पण इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ती येऊन पोचली, आणि तेव्हापासून आभाळात कुठंही काही चमकलं की फोन मला. "सर, जरा तुमच्या दुर्बिणीतून बघता का, काय फिरतंय ते?" आधी अशी विचारणा तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला होत असावी.

गंमत अशी, की फिरणाऱ्या दिव्यापुढे दुर्बीण जवळजवळ निरुपयोगी आहे. माझी सहा इंची, म्हणजे सहा इंच व्यासाच्या आरशाची, डॉब्सोनियन पद्धतीची दुर्बीण, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) लावली की ४८ पट मोठं दिसतं आणि आभाळाचा जेमतेम एक अंशाचा तुकडा नजरेत येतो. पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी बसतील, एवढाच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा सेकंदाला साधारण एक अंश सरकतं. म्हणजे नळी तिकडे वळवेपर्यंत पाहुणा गेलेला असतो.

खरेदीच्या वेळी बराच शोध घेतला होता. ऑनलाइन दुकानांत ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर '६७५ पट' असं ठळक छापलेलं असतं. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दुप्पट करायचा, तेवढेच पट कामाचे. त्याच्या पलीकडे नुसता धुरकट गोळा मोठा होतो. ७६ च्या दुर्बिणीला दीडशे पटही चांगल्या रात्रीच. शिवाय त्या काडीसारख्या तिपाईवर कुणी शिंकलं तरी गुरू नाचायला लागतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे लोक वांगणीला आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. अशा ठिकाणी जाऊन आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीला डोळा लावावा, मगच पैसे काढावेत, हे माझं ठाम मत. मी डॉब्सोनियन निवडली कारण तिला तिपाई नाही, लाकडी खोक्यावर तोफेसारखी फिरते, आणि पैसा स्टँडवर न जाता आरशावर जातो.

पण दिव्यांच्या भानगडीत कामाला आली ती १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ५० मिलिमीटरची असलेली, बायनॉक्युलर. तिच्यात सहा-साडेसहा अंश आभाळ मावतं. गच्चीवर बाजेवर पाठ टेकून, कोपर बरगड्यांना लावून धरली की हातही फार थरथरत नाही. 'उडत्या तबकड्यां'पैकी निम्म्या इथंच निकालात निघतात, कारण तांबडा-हिरवा पंखदिवा स्पष्ट दिसतो. विमान थेट आपल्या रोखाने येत असेल तर त्याचा पुढचा दिवा चांगली काही मिनिटं एकाच जागी लटकल्यासारखा वाटतो, आवाजही नसतो. माणूस घाबरतो ते उगाच नाही.

नेहमीची गिऱ्हाइकं आता पाठ झालीत. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र. डिसेंबरात रात्री पूर्वेला क्षितिजालगत लाल-हिरवा-निळा लुकलुकणारा व्याधाचा तारा; हवेच्या जाड थरातून प्रकाश येतो म्हणून ते रंग. सरळ चालत येऊन मध्यावरच विझणारा ठिपका म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरलेला उपग्रह. माळेसारखे एकामागोमाग जाणारे दिवे म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंक, इंटरनेट पुरवणारे उपग्रह. पहिली ६० ची माळ मे २०१९ मध्ये गेली. 'तारा जागेवरच डुलतोय' असं कुणी म्हणालं तर मी त्याला पत्र्याच्या कडेला किंवा विजेच्या तारेला तो ठिपका टेकवून बघायला सांगतो. अंधारात एकट्या दिव्याकडे टक लावली की तो हलल्याचा भास होतोच, सगळ्यांना होतो.

२ एप्रिल २०२२ ला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आभाळातून जळते तुकडे रांगेने गेल्याचे व्हिडिओ आले तेव्हा माझ्याकडे चौकशीची रीघ लागली. उल्का दोन-चार सेकंदांत संपते. हे तुकडे सावकाश, आडवे, एकमेकांना समांतर जात होते. म्हणजे माणसाने वर पाठवलेलं काहीतरी खाली येत होतं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तो टप्पा असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

माझी खरी परीक्षा मात्र एका मे महिन्यात झाली. अवकाळीचे ढग आले होते. नऊच्या सुमारास शेजारचे तात्या अंगणातून ओरडले, "आरं, बाहेर ये! त्ये बघ वर कसं फिरतंय!" वायव्येला ढगात चार पांढुरके गोळे. गोल फिरायचे, एकत्र यायचे, पुन्हा फाकायचे. आवाज नाही. तात्यांच्या सुनेने मुलांना आत नेलं. उपग्रह ढगाखाली येत नाही, ग्रह ढगाआडून दिसत नाही, म्हणजे माझी निम्मी यादी तिथंच बाद.

हायवेलगतच्या गावात माझा मावसभाऊ राहतो. त्याला फोन लावला आणि काय दिसतंय ते न सांगता नुसतं विचारलं, "बाहेर येऊन बघ, काही आहे का?" आधी सांगितलं असतं तर त्याला माझेच शब्द दिसले असते. तो म्हणाला, "हो, गोल गोल फिरतायत, चार." मग दोघांनी मोबाईलचा कंपास हवेत आठ काढून नीट केला. आपल्याकडे खरी उत्तर दिशा आणि होकायंत्र दाखवतं ती उत्तर दिशा यांत अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे आकडे तसेच चालतात. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजले तर माझे ३४० अंश, त्याचे ३००. उंची मुठीने मोजली: हात ताठ करून मूठ धरली की साधारण दहा अंश. माझ्याकडून बरोबर एक मूठ.

नकाशावर दोन रेघा मारल्या. त्या माझ्यापासून चौदाएक किलोमीटरवर, हायवेच्या कडेला छेदल्या. चौदा किलोमीटर आणि दहा अंश यांवरून गोळ्यांची उंची निघाली अडीच किलोमीटर, म्हणजे ढगांचीच. कागद तात्यांना दाखवला. ते चष्मा वर करून म्हणाले, "मंग खालनं कुणीतरी बॅटरी मारतंय म्हण की."

मला ते वाक्य सुचायला आणखी पाच मिनिटं लागली असती. दहा वाजून गेले आणि गोळे एकदम गायब. स्पीकर बंद करायची वेळ. दुसऱ्या दिवशी मावसभाऊ मोटारसायकलवरून रेघा छेदल्या तिथं गेला. लग्नाचं लॉन्स. मागच्या बाजूला डीजेच्या ट्रॉलीवर चार शार्पी, म्हणजे अरुंद प्रखर झोत टाकणाऱ्या फिरत्या लाइट, ताडपत्रीखाली बांधलेल्या. ऑपरेटर म्हणाला, वरातीत गर्दीवर मारल्या तर लोक डोळ्यांची तक्रार करतात, म्हणून आभाळात सोडल्या.

दुर्बीण त्या रात्री कपाटातून निघालीच नव्हती.

तात्यांना ते पटलं, पण समाधान झालं नाही. "ह्ये ठीक. पर आमच्या आज्यानं मळईत चालता दिवा बघितला हुता, त्याचं काय?" आजोबांनी दिवा पाहिला असणारच, पण दिशा, वेळ, किती मुठी, काहीच हाताशी नाही, तेव्हा मी त्यावर मत देत नाही. वहीत माझ्याही अशा काही नोंदी पडून आहेत. एक धरणकाठच्या मच्छीमाराने सांगितलेली: पहाटे, पश्चिमेला, पाच-सहा सेकंद झळाळून विझलेला एकच ठिपका. गिरक्या घेणारा निकामी उपग्रह उन्हात असा चमकतो, ताळा बघता आला असता. पण वेळ विचारली तर तो म्हणाला, "जाळं ओढायच्या आधी." 'कारण' या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.