अली महदी कोण होता?

स्मरणिका समितीचा निरोप आला, "सैन्यातले अनुभव लिहा." कारगिलबद्दल लिहिणारे आपल्या शाळेचे दुसरे आहेत, म्हणून मी सोमालिया घेतो. 1993 च्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी भारताची 66 वी ब्रिगेड तिकडे गेली, त्यात मी होतो. मुख्यालय बैदोआला.

मधे सुट्टीवर गावी आलो, तर इतिहासाच्या सरांनी थेट नववीच्या वर्गात नेऊन उभं केलं. पोरांना तिथला युद्धनेता मोहम्मद फारा ऐदीद ठाऊक होता. राजधानी मोगादिशूत अमेरिकेचे 18 सैनिक मारले गेले, ऐदीदच्या डोक्यावर 25 हजार डॉलरचं बक्षीस लागलं, हे सगळं त्यांनी पेपरात वाचलेलं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "पण अमेरिका यायच्या आधी तो कुणाशी लढत होता?"

प्रश्न नेमका होता. उत्तर : अली महदी मोहम्मद.

ऐदीद हाडाचा जनरल, तर अली महदी राजकारणी आणि मोगादिशूतला हॉटेलमालक. 1969 साली तो खासदार झाला, पण त्याच वर्षी सियाद बरेनं लष्करी उठाव करून संसदच मोडीत काढली. बरेनं ऐदीदला काही वर्षं तुरुंगात टाकलं आणि पुढे राजदूत म्हणून पाठवलं ते आपल्या दिल्लीला! हे सांगितल्यावर अख्खा वर्ग सावरून बसला.

दोघेही हाविये कुळाचे, पण पोटकुळं वेगळी. ऐदीद हबर गिदिर, अली महदी अबगाल. आमचा दुभाषी सांगायचा, तिथल्या पोराला बाप, आजा, पणजा अशी वर वर जाणारी नावं तोंडपाठ असावी लागतात. अनोळखी दोघे भेटले की त्यावरून ठरतं, आपला की परका. दोघेही बरेविरुद्ध लढणाऱ्या एकाच पक्षातले. जानेवारी 1991 मध्ये बरे पळाला. ऐदीद अजून रणांगणात होता, तेवढ्यात पक्षाच्या राजधानीतल्या गटानं अली महदीला हंगामी राष्ट्राध्यक्ष करून टाकलं. पक्ष एक, शत्रू एक आणि खुर्चीही एकच. नोव्हेंबरपासून चार महिने दोघांच्या फौजांनी मोगादिशूत तोफा डागल्या. शहराचे दोन तुकडे झाले, उत्तर अली महदीकडे आणि दक्षिण ऐदीदकडे.

सरांनी लगेच फळ्यावर शाहू आणि ताराबाई लिहिलं. खेडची लढाई, सातारा आणि कोल्हापूर. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आपल्याकडे भांडण गादीसाठी होतं आणि गाद्या दोन झाल्या तरी खाली वसुलीची नोंद ठेवणारा कुलकर्णी जागेवर होता. तिथं सरकारच उरलं नव्हतं. पण सरांशी वाद कोण घालणार! पुढच्या चाचणीत त्यांनी अली महदीवर पाच गुणांचा प्रश्न घातला म्हणे. अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून पालकांची तक्रार आली ती वेगळीच.

ऐदीद तेवढा खलनायक आणि अली महदी शांततावादी, असं तेव्हाच्या बातम्यांवरून वाटायचं. त्यात फारसा अर्थ नाही. अली महदीचं बळ कमी होतं, म्हणून त्याला परकी फौज हवी होती. ती आली की शत्रूचा हात बांधला जाणार. ऐदीदला ती नको होती, कारण मैदानात तो वरचढ होता. डिसेंबर 1992 मध्ये अमेरिकी दूतानं दोघांची गळाभेट घडवली. फोटो छान आले.

या दोघांचं ओझं वाहिलं ते बैदोआच्या लोकांनी. ते ना अबगाल ना हबर गिदिर. ते रहनवैन, ज्वारी पिकवणारे. ज्वारीची शेतं पाहून आम्हा देशावरच्या पोरांना गाव आठवलं, आणि पेवं पाहून तर मी थक्कच झालो. जमिनीत खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, वर मातीचा ढीग. बकार म्हणतात त्याला. एका म्हाताऱ्यानं मला तसलं एक पेव दाखवलं. कड ढासळलेली, तळाला कुजका भुसा. आधी बरेचं माघार घेणारं सैन्य आलं, मग त्याच्या पाठलागावरची फौज आली. दोघांनीही पेवं उकरली. 1992 मध्ये बैदोआत माणसं रस्त्यावर मेली, त्याला पावसाइतकीच ही उकरलेली पेवं कारण होती. देशभरात अंदाजे 3 लाख गेले. धान्याच्या ट्रकवरची लूट हीच टोळ्यांची कमाई होती, म्हणून आमचं निम्मं काम म्हणजे ट्रकांच्या पुढे-मागे चालणं. त्यात ऑगस्ट 1994 मध्ये आमचे जवान आणि लष्करी डॉक्टर कामी आले. त्यांच्याबद्दल या पानावर उरकून टाकणार नाही.

डिसेंबर 1994 मध्ये आम्ही किसमायोहून नौदलाच्या जहाजांनी निघालो. पुढच्याच सप्टेंबरात ऐदीदनं बैदोआ घेतलं. 1996 मध्ये लढाईत जखमी होऊन तो मेला. त्याच्या जागी आलेला मुलगा हुसेन अमेरिकेच्या मरीन दलात नोकरी करून आलेला. रहनवैनांनी स्वतःची फौज उभारून 1999 मध्ये बैदोआ परत मिळवलं. अली महदी मात्र टिकला. 2000 साली जिबुतीतल्या परिषदेत दुसराच राष्ट्राध्यक्ष निवडला गेला, तो त्यानं मान्य केला. 2021 च्या मार्चमध्ये तो नैरोबीत कोरोनानं वारला.

(निवृत्त सुभेदार, दहावी 1978 ची तुकडी)