मुलांचं शैक्षणिक सॉफ्टवेअर घ्यायचं कुठून?

परीक्षा संपल्या की आमच्या बिल्डिंगमध्ये हाच विषय असतो, मुलांसाठी चांगलं सॉफ्टवेअर कुठं मिळेल, सांगलीतच कुठल्या दुकानात विचारायचं की ऑनलाईन घ्यायचं आणि ऑनलाईन घ्यायचं तर कुणाकडून. माझी धाकटी दुसरीत, थोरला सातवीत, दोघंही मराठी मीडियमला, त्यामुळं या शोधात मी बऱ्यापैकी फिरलेय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी दुकानांचं. पूर्वी पाढ्यांच्या, बालगीतांच्या सीडी मिळायच्या, आता नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो म्हटल्यावर तो माल गेला आणि पेनड्राइव्ह आले. दुकानातून घ्यायला काहीच हरकत नाही, पण हे बनवलंय कुणी आणि इथंच लावून दाखवता का, एवढं विचाराच. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल आणि आत नुसते इकडून तिकडून उतरवलेले व्हिडिओ असतील तर तेच घरी मोबाईलवर फुकट दिसतात की, त्याला पैसे कशाला द्यायचे. सॉफ्टवेअर म्हटलं तर मुलानं काहीतरी करायला पाहिजे, नुसतं बघत बसायला नाही.

घरी येऊन डेमो देणाऱ्यांपासून मात्र जरा लांबच राहा असं मी मनापासून सांगते. आमच्याकडं एकजण आले होते, थोरल्याची छोटी टेस्ट घेतली आणि त्याच्यासमोरच म्हणाले याचं बेसिक कच्चं आहे, पोराचं तोंड एवढंसं झालं, आणि लगेच पुढं टॅब, कोर्स, ईएमआयचा फॉर्म. आम्ही सही केली नाही. हे ईएमआय बऱ्याचदा वेगळ्याच फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, म्हणजे मुलानं कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानंसुद्धा डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सावध केलं होतं की फुकटच्या ऑफर नीट तपासा आणि ऑटो डेबिट टाळा. कुणी आधीच अडकलं असेल तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, तिथं तक्रार करता येते.

प्ले स्टोअरवर घेणार असाल तर अ‍ॅप बनवणाऱ्याचं नाव बघा, जाहिराती आहेत का आणि आत पुन्हा पैसे मागतं का ते तिथंच लिहिलेलं असतं. विकत घेतलेलं आवडलं नाही तर ४८ तासांच्या आत गूगलकडं रिफंड मागता येतो, म्हणून घेतलं की त्याच दिवशी मुलाला वापरायला द्या, रविवारची वाट बघू नका. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते वेगळं जाऊन कॅन्सल करावं लागतं.

पण खरं सांगू का, पैसे काढायच्या आधी फुकटचं चांगलं काय आहे ते संपवा, आणि ते ढिगानं आहे. धाकटीसाठी जीकाँप्री (GCompris), २००० सालापासून चालू आहे, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त खेळ, जाहिरात एकही नाही, विंडोजवर चालतं, अँड्रॉइडवरही चालतं. चित्र काढायला टक्स पेंट. वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग, त्यात मूल मोठ्यानं वाचतं आणि दिया नावाची मुलगी ऐकून चुकलेला शब्द सांगते, मराठीतही आहे, गोष्टी आधी उतरवून ठेवल्या तर नेट लागत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर साईटवर मराठी गोष्टींची पुस्तकं मिळतात. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमधून स्कॅन करून बघा, अर्ध्या घरांत पुस्तक वर्षभर दप्तरात असतं आणि तो कोड कुणी उघडलेलाच नसतो.

मोठ्या मुलांसाठी माझं सगळ्यात आवडतं म्हणजे फेट (PhET), स्क्रीनवरच करून बघायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हे सुरू केलं, ब्राउझरमध्येच उघडतं, कितीतरी प्रयोग मराठीतही आहेत. विजेच्या सर्किटचा प्रयोग बघाच, बॅटरी, बल्ब, वायर आपणच ओढून जोडायच्या, चुकून शॉर्ट केलं तर बॅटरीवर आग दिसते. थोरल्यानं आधी मुद्दाम चार-पाचदा आग लावली, मग बल्ब एकापाठोपाठ एक जोडले तर मंद का पेटतात आणि प्रत्येक बल्ब वेगळ्या वायरींनी थेट बॅटरीला जोडला तर एकट्या बल्बइतकाच उजेड का देतात ते स्वतःच शोधत बसला, मला हाक मारून दाखवलं, आणि त्याला कच्चं म्हणणारा माणूस मला तेव्हा फार आठवला.

मग विकतचं घ्यावं कधी? माझ्या मते फुकटचं वापरून झाल्यावर, मुलाला नेमकं कुठं अडतंय हे कळल्यावर, आणि शक्यतो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साईटवरून, जिथं आधी काही दिवस वापरून बघता येतं आणि बंद करायचं बटण सुरू करायच्या बटणाइतकंच सहज सापडतं. मराठी मीडियमच्या मुलांचा अपूर्णांकांचा आणि शाब्दिक उदाहरणांचा नीट सराव घेणारं, जाहिराती नसलेलं असं काही कुणी बनवलं तर मी आनंदानं पैसे मोजेन, आणि माझ्यासारख्या सांगलीत बऱ्याच आया असतील.