‘महिन्याला किती नग?’ : मुद्रा कर्जाच्या तक्त्यात अडकलेली माझी सुतारकी

मुद्रा ही छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्जयोजना, तिच्यात रकमेनुसार गट असतात. त्यातल्या किशोर गटाच्या अर्जात एक तक्ता असतो. मागच्या दोन वर्षांची प्रत्यक्ष विक्री, चालू वर्षाचा अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. दिसायला अगदी गरीब तक्ता. माझं अख्खं प्रकरण त्यात अडकलं होतं, आणि अजूनही त्या बँकेवरून जाताना माझी स्कूटी आपोआप वेग घेते.

मी मूळची आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करणारी. नागपुरात, मानेवाड्याच्या घरी, खालच्या पार्किंगमध्ये, रंधा, पटाशी आणि गुण्या घेऊन हौसेनं काम करायची. आधी घरचे चौरंग आणि मसाल्याचे डबे, मग भाच्याचं अभ्यासाचं टेबल. ते टेबल बघून शेजारच्या काकूंनी पैसे देऊन दुसरं करवून घेतलं आणि तिथून पुढे लोक विचारू लागले. नोकरी सोडायचं ठरवताना स्वतःला एकच अट घातली होती: ज्या कामाला हात लावायची इच्छा होत नाही, ते काम नुसतं पैशासाठी घ्यायचं नाही. ही अट बँकेत समजावून सांगावी लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर घरबसल्या झाली. ती फुकट असते. पैसे मागणाऱ्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट्स ढीगभर आहेत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का तेवढं बघा. गुमास्ता म्हणजे दुकान कायद्याचं काम तर त्याहून सोपं. मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्रात फक्त सूचना द्यायची असते, ती ऑनलाइन देता येते. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतिपत्र आणि लाइट बिल जोडलं. झालं.

मग बँक. बँकेचं नाव लिहीत नाही. शिशु गटात ५० हजारांपर्यंतच मिळतात आणि मला प्लेनर (लाकूड सपाट करणारं यंत्र), टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि धूळ ओढणारं यंत्र हवं होतं, म्हणून किशोर गटात अडीच लाख मागितले.

“काम कोण करणार?”

“मी.”

“तसं नाही मॅडम, मिस्त्री कोण?”

“मीच.”

साहेबांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मिस्टर बाहेर गाडी लावून येत असतील असं त्यांना वाटलं असावं. मग मुद्द्यावर आले. “महिन्याला किती नग?”

मी म्हटलं, ड्रॉवरवालं टेबल असेल तर दोन, चौरंग असतील तर जास्त, दोन्ही एकदम नाही. ते म्हणाले, “असं नाही चालत जी. एक आकडा सांगा.”

एक आकडा मिळेना, म्हणून त्यांनी प्रोजेक्ट रिपोर्ट आणायला सांगितलं. ओळखीच्या सीएकडे ‘फर्निचर युनिट’चा तयार रिपोर्ट पडलेला होता. दोन कारागीर, महिन्याला पंधरा बेड, दरवर्षी वीस टक्के वाढ. नाव बदलून प्रिंट काढायची, बस. “काहून टेन्शन घेता ताई, सगळे हेच टाकतात.” मी आयुष्यात एक बेड केलेला नाही आणि करायचाही नाही. पण माझी अडचण तेवढीच नव्हती. कर्जाची रक्कम त्या पंधरा बेडवर ठरते आणि हप्ता त्या रकमेवर. एकदा सही केली की मला आवडो न आवडो, हप्ता भरायला बेड करणं आलं. मग कारागीर ठेवा, त्यांच्या मजुरीसाठी आणखी बेड घ्या, आणि मी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून फोन उचलत बसणार. हौस मोडते ती अशी, कागदावर, पहिला रंधा फिरायच्या आधीच.

म्हणून तक्ता मीच भरला, नगांवरून नाही, तासांवरून. ड्रॉवरवाल्या टेबलाला चाळीसेक तास लागतात. त्यातले निम्मे तरी लाकूड निवडून आणणं, घासणं, पॉलिशचे हात आणि गिऱ्हाइकाचे “वहिनी, जरा कमी करा ना” यांत जातात. हे तास हिशेबात धरलेच पाहिजेत. बहुतेक हौशी लोक फक्त करवतीचे तास मोजतात आणि मग फुकटात राबतात.

पावसाळ्याचे महिनेही मी कमी दाखवले. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड वाळून आकसतं, जुलैत हवेतला ओलावा पिऊन फुगतं, आणि दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. ज्यांच्या घरी कुलर आहे (म्हणजे नागपुरात जवळपास सगळेच), त्यांच्याकडे तर कुलरसमोरचा ड्रॉवर भर उन्हाळ्यातच अडकतो. त्यामुळे फळीला हलायला जागा ठेवून सांधे करावे लागतात आणि पावसात घाई करता येत नाही. साहेबांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, “मशीनला पाऊस लागतो का?”

पुढची गंमत करवतीची. कोटेशनमध्ये ‘टेबल सॉ’ वाचून कुणीतरी शेरा मारला: आरा मशीनचा परवाना आणावा. आरा मशीन म्हणजे ओंडके चिरणारी गिरणी! माझ्या करवतीचं पातं दहा इंची, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या लाकूड उद्योगांविषयीच्या मार्गदर्शक सूचना मी छापून नेल्या. बँडसॉ (पट्ट्याची करवत) नाही, री-सॉ (चिरलेलं लाकूड पुन्हा चिरणारी करवत) नाही, ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत नाही, आणि वैध मार्गानं आलेलं चिरलेलं लाकूडच वापरायचं असेल, तर हा परवाना लागत नाही. त्या ओळीखाली पेनानं रेघ मारून कागद टेबलावर ठेवला. सोबत लकडगंजातल्या, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातल्या, सागवानाची बिलं. तुम्ही बँडसॉचा विचार करत असाल तर मशीन बुक करण्याआधी वन विभागात चौकशी करा. आणि लाकूड घनफुटाच्या भावानं घेताना बिल मागाच. “बिल कायले पाहिजे” म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नका. बल्लारपूरचं सागवान म्हणून काहीही गळ्यात मारतात ते वेगळंच.

त्यानंतर ‘जामीनदार आणा’ निघालं. मुद्राला तारण लागत नाही, हे मला पाठ होतं. मी म्हटलं, जे लागतं ते लेखी द्या. लेखी काही आलं नाही आणि जामीनदाराचा विषयही पुन्हा निघाला नाही. मग नुसतं ‘प्रोसेसमध्ये आहे’. साहेब रजेवर, साहेब ट्रेनिंगला, सर्व्हर बंद. या काळात मला सगळ्यात उपयोगी पडली ती शिक्का मारलेली पोच. अर्ज देतानाच तारखेसह ती घ्या, नाहीतर तुमचा अर्ज आला होता हे सिद्ध करण्यातच दिवस जातील. सरकारी कर्जयोजनांच्या जनसमर्थ पोर्टलवरून ऑनलाइन केलात तर अर्ज क्रमांक मिळतो, ते त्याहून बरं.

अखेर मंजूर झालं, मागितलं त्याहून कमी. कापलं काय, तर धूळ ओढणारं यंत्र. “यानं उत्पादन वाढत नाही.” लाकडाची धूळ माणसाला कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कधीच नोंदवलेलं आहे. ते मी सांगितलं, पण तक्त्यात फुप्फुसांचा रकाना नव्हता. यंत्र साठवणीतल्या पैशांतून घेतलं. तक्ता मात्र मी भरला तसाच मंजूर झाला, त्यात एकही बेड नाही, आणि याचा मला अजून अभिमान आहे. हप्ता इतका बसला की महिन्याला एक टेबल आणि थोडं किरकोळ काम केलं तरी निघतो. उरलेल्या दिवसांत काय करायचं ते मी ठरवते. सध्या शिवण झाडाच्या लाकडाचा एक पाळणा चाललाय, कुणी सांगितलेला नाही.

जीएसटीचं सगळे विचारतात. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आपल्या राज्यात नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर माल पाठवला की हा आकडा कामाचा नाही. सरकारी यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, अटींसकट. आपल्याला मध्य प्रदेशातलं सिवनी-छिंदवाडा हाकेवर, त्यामुळे तिकडून फोन येतातच. मी सध्या नाही म्हणते. ते लोक रागावतात, रागावू देत.

निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय लाकूड आणत नाही, हाही नियम ठेवलाय. नात्यातल्यांनाही. सगळ्यात जास्त घासाघीस तिथेच होते.

आणि एक राहिलं. कर्जाचे पैसे सहसा आपल्या हातात येत नाहीत, कोटेशन देणाऱ्या दुकानदाराच्या खात्यात थेट जातात. कोटेशनवर मुदत लिहिलेली असते. बँकेनं वेळ काढला की ती संपते, भाव वाढतो आणि वरचा फरक आपल्याला भरावा लागतो. मुदत संपायच्या आत ताजं कोटेशन घेऊन ठेवा, आणि त्याचीही पोच घ्या.