तुम्ही विचारलंत म्हणून: मक्याच्या भाकरीचा एवढा तोरा कशाला?

टॉर्टियाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. शेवटी मक्याची भाकरीच ना ती? मग मेक्सिकोची माणसं तिचा एवढा अभिमान का बाळगतात?

भाकरी खरीच, पण तिचं पीठ वेगळं. आपल्या मक्याच्या पिठाला उकड काढली नाही तर भाकरी थापताना चिरा पडतात, कारण मक्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. मेक्सिकोत ही अडचण हजारो वर्षांपूर्वी चुन्याने सोडवली. चुन्याच्या पाण्यात दाण्याचं साल विरघळायला लागतं, त्यातून चिकटपणा येतो आणि पीठ धरून राहतं. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व, जे एरवी बांधलेलं असल्यामुळे अंगी लागत नाही, ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुना मात्र मागेच राहिला. गोरगरीब नुसत्या मक्यावर जगू लागले तेव्हा उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेने होणाऱ्या रोगाने, माणसं मेली. मका मुख्य अन्न असूनही मेक्सिकोत या रोगाने तसं थैमान घातलं नाही.

आता कृती. सुका, कडक मका 1 किलो. स्वीट कॉर्न किंवा लाह्यांचा मका नको. पाणी 3 लिटर. खाण्याचा कोरडा विरलेला चुना 10 ग्रॅम, म्हणजे मक्याच्या वजनाच्या एक टक्का. पानाचा ओला चुना असेल तर साधारण दुप्पट घ्या, कारण त्यात पाणी असतं. सुगंधी मात्र नको. कळीचा चुना थेट पातेल्यात टाकू नका, तो पाण्यात उसळतो आणि भाजतो. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो.

मंद आचेवर 30 ते 40 मिनिटं ठेवा, खळखळून उकळू नका. दाणा बोटांनी चोळल्यावर साल सुटायला हवं, पण दाताने तोडल्यावर आत थोडा पांढरा कच्चा ठिपका दिसला पाहिजे. तो ठिपका नाहीसा झाला तर सकाळी पिठाचा डिंक होतो आणि तो कशानेच सुधारत नाही. गॅस बंद करून 8 ते 12 तास झाकून ठेवा. मग पिवळं, बुळबुळीत पाणी टाकून दोनतीनदा धुवा. सगळं साल घासून काढायचा मोह आवरा, थोडं राहिलं तर पीठ बांधून येतं. तयार मक्याला निश्तमाल म्हणतात.

वाटण हीच खरी कसोटी. पूर्वी बायका गुडघ्यांवर बसून बेसॉल्टच्या मेताते पाट्यावर रोज तासन् तास वाटत. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावं लागतं आणि पीठ सैल होतं. इडलीचा दगडी ग्राइंडर बरा. गोळी दाबून बघा: कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त.

30 ग्रॅमचा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून वीतभरापेक्षा थोडी लहान टॉर्टिया करा. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू फक्त 15-20 सेकंद, दुसरी मिनिटभर, मग पुन्हा उलटून फुगू द्यायची. पहिली बाजू जास्त वेळ ठेवली की ती वाळते आणि फुगतच नाही. उतरवलेल्या टॉर्टिया दहा मिनिटं फडक्यात गुंडाळून ठेवा. वाफेने मऊ पडतात. मेक्सिकोत मातीच्या तव्याला, म्हणजे कोमालला, आधी चुन्याची निवळी फासतात म्हणजे चिकटत नाही.

अभिमानाला दुसरीही एक बाजू आहे. स्पॅनिश राज्यात गव्हाचा पाव साहेबाचा आणि मका आदिवासींचा, अशी उतरंड होती. 1899 साली फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारण्याने माणसांची गहू, तांदूळ आणि मका खाणारे अशी विभागणी केली आणि खरी प्रगती गहू खाणाऱ्यांचीच, असं लिहून ठेवलं. म्हणजे घरचाच माणूस घरच्या ताटाला नावं ठेवत होता. पाहुणे आले की भाकरी लपवून पोळी वाढणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. 2010 मध्ये पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाक युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला आणि मार्च 2025 मध्ये जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर थेट राज्यघटनेतच बंदी आली.

तरीही गोडगोड चित्र रंगवण्यात अर्थ नाही. जनावरांच्या चाऱ्यासाठी हाच देश अमेरिकेतून जहाजं आणि रेल्वेगाड्या भरभरून पिवळा मका आणतो. शहरांतल्या कितीतरी टॉर्टिया ओल्या निश्तमालऐवजी पाकिटातल्या तयार पिठाच्या असतात. आणि उत्तरेतल्या सोनोरा प्रांताला विचारलंत, तर ते त्यांच्या गव्हाच्या टॉर्टियाबद्दल तितक्याच ताठ मानेने बोलतील. तीही मेक्सिकोचीच.

आपल्याकडे दुकानात टॉर्टिया म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा मैद्याचं असतं, म्हणून पाकीट उलटून घटक वाचा. तयार पीठ हवं असेल तर मासा आरिना मागा. नेहमीचं मक्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लोर चालणार नाही, त्यांना चुना लागलेलाच नसतो, आणि कोरड्या पिठात नंतर चुना कालवूनही काम होत नाही.