पणजीचं नाव शोधायला संगमनेर ते त्र्यंबक, एसटीने, दोघीजणी

आमच्याकडे वंशावळ आहे, म्हणजे पुरुषांची. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पाच पिढ्यांची नावं चुलत्यांनी जुन्या वहीत लिहून ठेवलीत, पण त्यात बाई एकही नाही. माझी आत्या आता ७८ वर्षांची आहे आणि गेली कित्येक वर्षं तिचं एकच म्हणणं, माझ्या आजीचं नाव काय होतं ते मला कुणीच सांगितलं नाही. तिचे वडील तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली, त्यांनाच आई आठवत नव्हती तर ते पोरांना काय सांगणार. मग ह्या दिवाळीनंतर ठरवलं की आपण जायचं आणि शोधायचं.

खर्चाचं आधी सांगते कारण बरेचजण तिथेच अडतात. दोघींचा पुण्याहून निघून परत येईपर्यंतचा चार दिवसांचा खर्च अडीच हजारांच्या आत बसला. आत्या ७५ च्या पुढची म्हणून तिला एसटी पूर्ण फुकट, मला महिला म्हणून अर्धं तिकीट, फक्त आधार कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा. पैसे देऊन वंशावळ करून देणारे खूप भेटतात आजकाल, पण आपल्या गावाची आणि नात्यांची माहिती आपल्यालाच असते, बाहेरच्याला ती आपणच सांगायची आणि वर पैसेही द्यायचे, मला ते पटत नाही.

निघायच्या आधी घरात एक आठवडा घालवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही चुलत्यांकडून जुने हस्तलिखित सातबारे, आजोबांचा शाळेचा दाखला, एक जुनं खरेदीखत, लग्नपत्रिका असं सगळं मोबाईलवर स्कॅन करून घेतलं. दाखल्यावरच्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका, गावाकडे निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच टाकायचे. दाखल्यातली जन्मगाव आणि जातीची नोंद मात्र उपयोगी पडते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना "वंशावळ सांगा" म्हटलं की ती गप्प होतात. "लग्नात मामा म्हणून कोण उभं होतं", "दिवाळीला मुऱ्हाळी (सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा) कुठून यायचा" असं विचारा, मग गावं आपोआप बाहेर येतात.

आमचं गाव संगमनेर तालुक्यात, म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावरच, त्यामुळे पहिले दोन दिवस तिथे चुलत्यांकडे मुक्काम. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जायचं तर सकाळी उघडतानाच जा आणि साधा अर्ज लिहून कोर्ट फी स्टॅम्प लावून सोबत न्या. माझी चूक अशी झाली की मी आजचा गट नंबर घेऊन गेले आणि जुन्या कागदांवर सगळीकडे सर्व्हे नंबर, १९४७ च्या कायद्यानंतर जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा गावोगावी नंबर बदलले, त्यामुळे जुना नंबर आणि नवा नंबर जोडणारा एकत्रीकरणाचा उतारा आधी काढावा लागतो. तो नसल्यामुळे अर्धा दिवस गेला. तो हातात आला की मग सातबाऱ्यावर जे गोल केलेले आकडे असतात ते फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) नंबर, ते एकेक काढत मागे जायचं. खरा खजिना फेरफारात, कारण कुणी वारलं की वारसनोंद होते आणि "मयत अमुक, वारस तमुक" असं कुटुंबच्या कुटुंब एका पानावर सापडतं. पण जुन्या वारसनोंदीत मुलीबाळी दिसतच नाहीत, बहिणींची नावं दिसायला लागतात ती बहुतेक १९५६ च्या वारसा कायद्यानंतर. आत्या ते बघून म्हणाली, "म्हणजे जमीन नाही तर नाव पण नाही." मी काही बोलले नाही, मला पण तेच वाटलं होतं.

बायकांसाठी बघायचं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंद. जुनी पानं मोडी लिपीत असतात, ती वाचणारा माणूस सोबत हवा. आमच्यासोबत चुलत्यांच्या ओळखीचे एक निवृत्त तलाठी आले होते. आजोबांचा जन्म सापडला १९१५ चा. मग आम्ही १९१८ चं पुस्तक मागितलं कारण आजोबा तीन वर्षांचे असताना असा हिशोब होता, आणि ऑक्टोबरची पानं उघडली तर पान भरून मृत्यू, नंतर अजून एक पान, अजून एक, सगळ्यांपुढे कारण एकच, ताप. ती इन्फ्लुएंझाची साथ होती. एवढ्याशा गावात एका महिन्यात इतकी माणसं गेली हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. त्यातच पणजोबांचं नाव आणि पुढे "याची बायको, वय २२, ताप". तिचं स्वतःचं नाव नाहीच. आत्या त्या ओळीवर बोट ठेवून खूप वेळ बसली होती.

तिसऱ्या दिवशी नाशिक आणि तिथून तासाभरात त्र्यंबक. राहायला गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास स्वस्त आणि स्वच्छ आहे, शक्यतो सोमवार टाळा, आणि सिंहस्थ जवळ आलाय त्यामुळे २०२६-२७ मध्ये गर्दीचा अंदाज घेऊनच निघा. तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तिथल्या पुरोहितांकडे, गावानुसार नामावळीच्या वह्या असतात, पूजा-श्राद्धाला आलेल्या घराण्यांची नावं त्यात असतात, प्रत्येक गाव ठरलेल्या घराण्याकडे, त्यामुळे पहिल्या दारात "तुमचं गाव आमच्याकडे नाही" ऐकलं तर नाराज होऊ नका, कुणाकडे आहे ते तेच सांगतात. मूळ गाव, आडनाव, जात आणि आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या. शहरातला पत्ता तिथे काही कामाचा नाही.

आमचे गुरुजी तिसऱ्या घरी सापडले. लांबट वह्या, फडक्यात बांधलेल्या, आणि ते मोडी पेपर वाचावा तशी वाचत होते. शके १८४१ ची नोंद निघाली, म्हणजे १९१९-२० (शकात ७८ मिळवायचे, पौषापासून पुढच्या महिन्यांना ७९). पणजोबा बायकोचं श्राद्धकार्य करायला आले होते. आणि तिथे तिचं नाव लिहिलेलं होतं. सोबत कोण आलं तेही, तिचा भाऊ, राहणार सिन्नर तालुक्यातलं एक गाव. म्हणजे नावासोबत माहेरही सापडलं! नाव इथे लिहीत नाही, आत्याला ते आधी घरी सगळ्यांना एकत्र बसवून स्वतः सांगायचंय.

फोटोला काही गुरुजी नाही म्हणतात, आधी विचारा, नाही म्हणाले तर समोर बसून उतरवून घ्या आणि परत वाचून दाखवा, आम्ही तेच केलं. दक्षिणा आम्ही २५१ दिली, कुणी अडवून मागितली नाही. पूजा करायचीच असं काही नसतं, फक्त नोंद बघायची आहे हे सुरुवातीलाच स्पष्ट बोला.

ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी आपल्या जिल्ह्याची सरकारी वेबसाइट बघा, २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची मोहीम झाली तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या जुन्या नोंदी तिथे टाकल्यात, फुकट आहेत. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्यांनी गावात हेळवी (घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक) येतात का विचारा, पिढ्या तोंडपाठ आणि वह्यांत दोन्हीकडे असतात त्यांच्या. मोडी शिकायची असेल तर पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात, मी पुढच्याला नाव घालणार आहे. घरी आल्यावर सगळं फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या वेबसाइटवर भरतेय, तेही फुकट आहे.

निघताना गुरुजींनी आजची नोंद करायला वही पुढे केली. आत्याने आधी तिच्या आजीचं नाव लिहायला लावलं, मग आईचं, मग स्वतःचं, माझं, माझ्या दोन्ही मुलींचं, आणि मग खाली थरथरत्या हाताने सही केली. आता संक्रांतीनंतर सिन्नरला जायचंय, पणजीच्या भावाचं घर अजून तिथे आहे का बघायला.