बुजवलेला खड्डा

रविवार, रात्री ११

मागच्या चेंबरचं झाकण आज तिसऱ्यांदा उघडलं. पाणी काठापर्यंत तुंबलेलं. आठवडाभर मी मुलांनाच बोलत होते, बेसिनमध्ये काहीतरी टाकलंत म्हणून. दुपारी प्लंबर आले. पाइप साफ करायची फिरती पाती आत घालणार, तेवढ्यात थांबले. "ताई, इथे एवढ्यात कुणी खणलं होतं का?"

खणलं होतं. २ महिन्यांपूर्वी केबलवाल्यांनी दोन टोकांना खड्डे घेतले आणि मधलं अंतर जमिनीखालून आडवं ड्रिल करून पार केलं. फरशी वाचली म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

कॅमेरा आत सोडला. आमच्या सांडपाण्याच्या पाइपमधून एक नारिंगी नळी आरपार गेलेली, आणि तिला अडकून साचलेला गाळ. ते म्हणाले, जमिनीखालचं शोधणारं नेहमीचं यंत्र धातू किंवा तारेतला प्रवाह ओळखतं, प्लास्टिकचा पाइप त्याला कळत नाही. ड्रिल त्यातून गेलं तरी वर चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. अशी नळी कधी गॅसची असते. पातीने ती कापली, तर गॅस पाइपमधून थेट घरात येतो. म्हणून ते आधी विचारतात. हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आमची नळी केबलचीच निघाली, पण मी स्वतःच बाजारातून पाइप साफ करायची स्प्रिंग आणून फिरवणार होते.

कंत्राटदाराचा माणूस फोनवर गोड बोलला. "उद्या येतो, तुकडा जोडून देतो." हो म्हणणारच होते. मग पायरीजवळची भेग आठवली. त्यांनी खड्ड्यात सगळी माती एकदम लोटली होती, थराथराने ठोकून दाबलीच नाही. पहिल्याच पावसात खड्डा खचला आणि पायरीला तडा गेला. तक्रार केली तर उत्तर आलं, "ती भेग आधीपासूनच होती." रोज ज्या पायरीवर बसते, तिच्याबद्दल मला खोटं पाडलं. माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. उलट त्यांच्याकडे माझी सही होती, 'काही तक्रार नाही' अशा कागदावर. घाईत, न वाचता केलेली. ती सही अजून सलते.

आज मात्र आधी लिहायला बसले. ज्यांची केबल आहे त्या कंपनीलाही मेल केला, कारण खणणारा त्यांच्या कंत्राटदाराचा उपकंत्राटदार आहे आणि तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कॅमेऱ्याचा व्हिडिओ जोडला, ड्रिल किती खोलीवरून नेलं याची नोंद मागितली. दुरुस्तीनंतर पुन्हा कॅमेरा आत जाईपर्यंत खड्डा बुजवू देणार नाही, हेही लिहिलं.

पाइप बदलता येईल. आईने लावलेल्या झाडाचं काय? खड्डा बुंध्यापासून जेमतेम हातभर. पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि ती तुटल्याचं झाड कधी कधी काही वर्षांनी दाखवतं. पानं अजून हिरवी आहेत, पण त्यावरून काहीच कळत नाही.

सकाळी ८ ला माणसं येणार. मोजायची टेप काढून ठेवलीये, फोटोत बाजूला धरायला. आत्ताच बॅटरी घेऊन खाली जाऊन आले. झाडाभोवती दोरी बांधली आहे. तिच्या आत यंत्र येऊ देणार नाही. खणायचंच असेल तर हाताने, माझ्यासमोर.