एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं तेव्हा

माझं वय 42, दोन बाळंतपणं, त्रास काहीच नव्हता, पांढरं जात नव्हतं की पाळीची गडबड नव्हती, पण तुळजापूरची माझी मावशी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली आणि तिचं कळलं तेव्हा फार उशीर झालेला, म्हणून डॉक्टर पॅपबरोबर (म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूची टेस्ट पण करून घ्या म्हणाल्या तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

टेस्ट दोन मिनिटांची. पाळी चालू नको, आधीचे दोन दिवस संबंध नको, आत काही औषध नको, एवढंच पथ्य. छोट्या ब्रशने नमुना घेऊन बाटलीतल्या लिक्विडमधे टाकतात. सिस्टर सारखी "ढीलुं मूको बेन" म्हणत होती आणि खरंच, अंग सैल सोडलं की दुखत नाही.

रिपोर्ट घ्यायला एकटीच गेले. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर मोठ्याने पॉझिटिव्ह म्हणाला, त्याचा मला आजही राग येतो. दांडिया बाजारपर्यंत रिक्षात रडत आले. मग नेटवर वाचलं की हा संबंधातून पसरतो, झालं, नको नको ते विचार, ह्यांना सांगायलाच दोन दिवस गेले आणि ऐकून ह्यांचाही चेहरा उतरला. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा विषाणू इतका कॉमन आहे की बहुतेकांना कधी ना कधी होतोच, बरेचदा वर्ष-दोन वर्षांत शरीरच त्याला घालवतं, पण कधीकधी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला हे सांगताच येत नाही. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही. हे रिपोर्टवरच छापायला हवं हो, किती घरं वाचतील!

ह्या विषाणूचे बरेच टाइप असतात, माझा टाइप 16 निघाला. 16 आणि 18 ह्या दोन टाइपमुळे ह्या कॅन्सरच्या साधारण 70 टक्के केसेस होतात, म्हणून पॅप नॉर्मल असूनही थेट कॉल्पोस्कोपी. त्यात व्हिनेगरसारखं पाणी लावून दुर्बिणीतून बघतात, खराब भाग पांढरा दिसतो. माझा थोडा दिसला, तिथून बारीक तुकडा काढला, चिमटा बसल्यासारखं झालं, दोन-तीन दिवस काळपट डाग लागत होते. बायोप्सीत सीआयएन 1 आलं, म्हणजे अगदी सुरुवातीचा बदल, बहुतेक वेळा आपोआप जातो. औषध नाही, वर्षाने परत टेस्ट.

डॉक्टरांनीच सांगितलं की उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, 2009 मधे छापून आला, एकदाच एचपीव्ही तपासलेल्या गटात ह्या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्यांपेक्षा जवळजवळ निम्मे. तुळजापूर त्याच जिल्ह्यात. मावशीची ही टेस्ट कधी झालीच नाही, ते ऐकून मला तिथेच रडू आलं.

जाऊबाई 47 च्या आहेत, मला काही होत नाही म्हणून टाळत होत्या, आता तयार झाल्यात. त्यांची पाळी शनिवारपर्यंत संपेल, सोमवारी मी घेऊन जातेय, आणि रिपोर्ट आणायलाही मीच बरोबर जाणार.